रिकाम्या पोटी एक

मेडिकलवाला औषधाच्या कागदी पाकिटावर बॉलपेनने लिहून देतो, ‘रिकाम्या पोटी १’. गेली काही वर्षं आमच्या घराचं घड्याळ या तीन शब्दांवर चालतं. शाळा सकाळची, सात वाजून दहा मिनिटांनी घंटा होते. फजरची नमाज झाली की गोळी, मग बरोबर अर्धा तास काही नाही, मग नाश्ता. त्या अर्ध्या तासात वह्या तपासून होतात. आमचे विद्यार्थी म्हणतात, टीचर सकाळी तपासलेल्या वहीत मार्क कमी देतात. खरं असेल. भुकेल्या माणसाच्या हातून दान सुटत नाही.

या लेखात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो आहोत याचं कुणाला नवल वाटायला नको. घरात आणि वर्गात उर्दू, तिथे ‘हम’ची सवय, तीच मराठीत उतरली. आणि खरं सांगायचं तर पोटाचं दुखणं एकट्या माणसाचं राहतच नाही. एकाचं पोट बिघडलं की सगळ्या घराची चूल बदलते.

सुरुवात केव्हा झाली ते नेमकं सांगता येणार नाही. २०१६च्या सुमारास रात्री दोन-अडीचला बेंबीच्या वर, बरगड्या जिथे संपतात त्या खळगीत कुणी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. उठून दोन बिस्किटं खाल्ली, पाणी प्यालं की शांत. सकाळी विसरून जायचं. शाळेत पहिल्या तासाआधी चहा, मधल्या सुट्टीत चहा, ऑफ तासाला चहा. डबा उघडायला वेळ मिळाला तर मिळाला. घरी येऊन सगळ्यांचं वाढून, आवरून, स्वतः जेवायला बसेपर्यंत साडेतीन वाजायचे. बसायचं म्हणजे तरी काय, ओट्याशी उभं राहून कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी. सोलापूरच्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही, अशी आमची समजूत.

सगळे याला ‘ॲसिडिटी’ म्हणत. शेजारच्या खाला म्हणाल्या, थंड दूध प्या. दूध प्यालं की पंधरा मिनिटं बरं वाटायचं आणि तासाभराने जळजळ दुपटीने परत यायची. पुढे कळलं की दुधाने तेवढ्यापुरती आग दबते, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. स्टाफरूममधल्या सरांनी सोडा सुचवला. सोड्याने ढेकर मोकळे आले, बाकी काही नाही. युनानी हकीमसाहेबांनी जवारिश कमूनी दिलं. जिऱ्याचं ते चाटण चवीला छान आणि जेवणानंतरचा जडपणा त्याने कमी झाला हे कबूल करायला हवं. हकीमसाहेबांनी आणखी एक केलं, जे त्या दोन वर्षांत कुणीच केलं नव्हतं. त्यांनी विचारलं, झोपता केव्हा, जेवता केव्हा, राग येतो का, शौचाला रोज होते का. शेवटी म्हणाले, “दोन महिन्यांत फरक पडला नाही तर दुर्बीण घालून बघून घ्या.” दुर्बिणीचं तेवढं आम्ही ऐकलं नाही.

त्याऐवजी मेडिकलमधून कॅप्सूल आणू लागलो. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. आठ महिने आणल्या. दुकानदाराने कधी विचारलं नाही, आम्हीही कधी सांगितलं नाही. त्या कॅप्सूलने दुखणं झाकलं जायचं आणि आत काय चाललंय ते कळायचं नाही.

मग २०१८ चा रमजान आला. तो १७ मेला सुरू झाला. सोलापूरचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सेहरी संपते साडेचारच्या आसपास आणि इफ्तारला सात वाजतात. शाळेला सुट्टी असल्याने आम्हाला वाटलं, या वर्षी सोपं जाईल. पण पाच-सहा वेळा चहा घेणाऱ्या माणसाचा चहा बंद झाला की डोकं ठणकतं. दुसऱ्या रोज्यापासून आम्ही सेहरीला सासूबाईंच्या डब्यातली गुडघेदुखीची एक गोळी घेऊ लागलो. गोळी घेतली की डोकं दिवसभर शांत. ती डायक्लोफिनॅक होती. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही एकाच घरातली भावंडं. शरीरातले जे पदार्थ वेदना आणि सूज निर्माण करतात त्यांना ही औषधं रोखतात, पण तेच पदार्थ जठराच्या आतल्या अस्तरावर संरक्षक थर राखण्याचं कामही करतात. एकीकडे दुखणं थांबतं, दुसरीकडे भिंतीचा गिलावा निघत जातो. सतरा दिवस सतरा गोळ्या. जळजळ वाढली तेव्हा वाटलं, रोज्याची उष्णता आहे.

शौचाला काळी व्हायला लागली तेव्हाही मनाला समजावलं, कारण रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्याने काळी होते हे माहीत होतं. इथे थोडं अवघडल्यासारखं होतं, पण लिहिणं भाग आहे. लोहाच्या गोळीने होणारा काळा रंग हिरवट असतो, शौचाला एरवीसारखीच होते. जठरातून रक्त जात असेल तर शौचास डांबरासारखी चिकट, चकचकीत काळी होते आणि तिला वेगळाच उग्र वास येतो. हा फरक आम्हाला एकोणिसाव्या रोज्याला कळला. असरनंतर भजीचं पीठ कालवत होतो. डोळ्यांपुढे अंधारी आली, ओट्याला धरलं, आणि पुढचं आठवतं ते थेट फरशीचा गारवा.

सासूबाई चमच्याने पाणी पाजत होत्या. आम्ही तोंड मिटून घेतलं. अडीच-तीन तास राहिले होते फक्त. अम्मी एरवी मोठ्याने बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, “आजाऱ्याला सवलत ज्याने दिली त्याच्यापेक्षा तू मोठी झालीस का? तोंड उघड.” आम्ही तोंड उघडलं.

हिमोग्लोबिन ६.८ निघालं. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी. नाव ऐकून जी भीती वाटते तेवढं त्यात काही नाही. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, बोटापेक्षा बारीक नळी घशातून जठरात नेतात. उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं, पाच-सात मिनिटांत संपतं. जठराच्या खालच्या भागात करंगळीच्या नखाएवढी जखम आणि आजूबाजूचं सगळं अस्तर लाल, सुजलेलं. अस्तराच्या त्या सुजेला गॅस्ट्रायटिस म्हणतात, मराठीत जठरदाह. जखमेला अल्सर. आम्ल वर अन्ननलिकेत चढतं आणि छाती जळते तो रिफ्लक्स. आपण या तिघांना एकाच ॲसिडिटीच्या पोत्यात घालतो, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतो.

डॉक्टरांनी अस्तराचे दोन-तीन कण काढून पिवळ्या रंगाच्या छोट्या पट्टीवर ठेवले. बघता बघता पट्टी गुलाबी झाली. “पाहुणा सापडला,” ते म्हणाले. पाहुण्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

या जंतूची कहाणी आम्ही तेव्हापासून दरवर्षी वर्गात सांगतो, अभ्यासक्रमात असो नसो. जठरातल्या तीव्र आम्लात कोणताही जंतू तगू शकत नाही, असं डॉक्टरांची पिढ्यान् पिढ्या समजूत होती. अल्सर होतो तो काळजीने आणि तिखटाने, असंच पुस्तकात होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्याबरोबर आले. प्रयोगशाळेत जंतू वाढवायचा प्रयत्न चालला होता, पण दोन दिवसांत काही दिसलं नाही की बशी फेकून दिली जायची. १९८२च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली आणि बश्या पाच-सहा दिवस तशाच राहिल्या. सुट्टीनंतर पाहतात तर जंतू वाढलेले. या जंतूला सावकाश वाढायची सवय होती, एवढंच. तरीही कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचं पाणी प्यायले. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या, आणि तपासणीत त्यांच्या निरोगी जठराला दाह झालेला दिसला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मुलांना सुट्टीचा भाग सगळ्यात आवडतो.

आम्लात हा जगतो कसा, तर तो युरिएझ नावाचं विकर तयार करतो, त्यातून अमोनिया बनतो आणि त्याच्याभोवतीचं आम्ल मारलं जातं. आमची पट्टी गुलाबी झाली ती याच अमोनियाने. जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो, बहुतेकांना लहानपणी घरातल्याच कुणाकडून मिळालेला, आणि त्यातल्या बहुतेकांना तो आयुष्यभर काही त्रास देत नाही. आमच्या बाबतीत जंतूला त्या सतरा गोळ्यांची साथ मिळाली.

घरी पहिला प्रश्न आला तो दस्तरखानचा. एका थाळीत जेवायचं की नाही? डॉक्टर म्हणाले, थाळी वेगळी करून आता काय साधणार, तुम्ही सगळे वर्षानुवर्षं एकत्र आहात. हात साबणाने धुवा, पाणी स्वच्छ ठेवा, आणि घरात कुणाला पोटाचा त्रास असेल तर त्यालाही तपासा. सासूबाईंना हे इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या दिवशी मुद्दाम आमच्या थाळीतला घास घेतला.

उपचार चौदा दिवसांचा. दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, सगळं दोन वेळा. तोंडात जुनं नाणं ठेवल्यासारखी चव यायची. नवव्या दिवशी वाटलं, बरं वाटतंय तर सोडून द्यावं. तसं करू नका. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी जंतू शहाणा होतो. आमचा तर आधीच शहाणा निघाला. ऑगस्टमध्ये पुन्हा दुर्बीण झाली. जखम भरली होती, जंतू मात्र तसाच. आपल्याकडे ही प्रतिजैविकं खोकल्यापासून जुलाबापर्यंत कशालाही इतकी खाल्ली गेली आहेत की नेहमीचं औषध पुष्कळदा चालत नाही. दुसरा उपचार चार औषधांचा होता, त्यात बिस्मथ. तिसऱ्या दिवशी शौचाला पुन्हा काळी! जीभही काळी! आमचे हातपाय गार पडले. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, “बिस्मथने तसंच होतं, मी सांगायला विसरलो.” ही विसरण्यासारखी गोष्ट आहे का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. त्यांनी जीव वाचवला होता म्हणून गप्प बसलो.

नोव्हेंबरमध्ये शौचाची तपासणी केली. जंतू गेला होता. ही तपासणी प्रतिजैविकं संपून निदान चार आठवडे झाल्यावर आणि आम्लाची गोळी निदान दोन आठवडे थांबवून करायची असते, नाहीतर जंतू असूनही नाही असं उत्तर येऊ शकतं. आणि ती रक्ताची नको. रक्तातल्या खुणा जंतू गेल्यावरही पुष्कळ दिवस राहतात.

घरात शिरखुर्मा झाला, ईद नसताना. अल्हम्दुलिल्लाह, आता संपलं, असं सगळे म्हणाले. संपलं नव्हतं.

जानेवारीत पुन्हा तेच. जेवण अर्धं झालं की पोट भरून घट्ट, वर जळजळ, सकाळी मळमळ. तपासण्या सगळ्या चांगल्या. पहिल्या वर्षी आम्ही आजारी होतो तेव्हा घर आमच्याभोवती गोळा झालं होतं. आता रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं होतं आणि आम्ही ताटावरून उठत होतो. नणंदेने प्रेमानेच म्हटलं, “भाभी, मनातून काढून टाक.” हे दुखणं रक्तस्रावापेक्षा अवघड गेलं हे आज प्रामाणिकपणे लिहितो. रक्त दाखवता येतं. जळजळ कशी दाखवणार?

डॉक्टरांनी त्यालाही नाव दिलं, फंक्शनल डिस्पेप्सिया. अस्तर ठीक असतं, पण जठराची हालचाल आणि तिथल्या मज्जातंतूंची संवेदना बिघडलेली असते. इतरांना जे नुसतं ‘पोट भरलं’ म्हणून कळतं ते अशा माणसाला दुखणं म्हणून कळतं. मन आणि जठर जोडलेले आहेत हे तर १८३३ सालीच छापून आलं होतं. अमेरिकेतले सैन्यातले डॉक्टर विल्यम बोमाँट यांच्याकडे १८२२ मध्ये पोटात गोळी लागलेला एक तरुण आला. तो जगला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही, आणि त्या खिडकीतून बोमाँट वर्षानुवर्षं पचन पाहत राहिले. तो माणूस चिडला की पचन बिघडतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा ‘मनाचं आहे’ याचा अर्थ ‘खोटं आहे’ असा होत नाही. हे आम्ही नणंदेला सांगितलं. ती म्हणाली, “मग चिडू नकोस.” तिचंही बरोबर होतं.

आम्लाची गोळी एकदम बंद करून पाहिली तर चार दिवसांत आग उसळली. बरेच महिने दाबून ठेवलेलं आम्ल गोळी अचानक थांबवली की उलटून जास्तच येतं. म्हणून हळूहळू कमी केली, आता कमीत कमी ताकदीची एक. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ बघून घ्यावं, असंही डॉक्टरांनी सांगितलं आहे.

खरा फायदा झाला तो एका दोनशे पानी वहीने. महिनाभर लिहिलं, काय खाल्लं, किती वाजता, जळजळ केव्हा. बी.एड.ला निरीक्षण-नोंद करायला लावत त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. आम्ही मिरचीला गुन्हेगार धरून बसलो होतो. वहीत मिरचीचं नाव फारसं आलंच नाही. रिकाम्या पोटीचा चहा, तेलात तळलेलं, आणि उशिरा, घाईत, भरपूर खाणं, हे तिघं पुन्हा पुन्हा आले. शेंगाचटणी थोडीशी, ताकाबरोबर, जेवणाच्या मध्ये चालते. दालचा चालत नाही, हे लिहिताना वाईट वाटतं. तुमची वही वेगळं सांगेल. एकीला कांदा सोसत नाही, दुसरीला मैदा.

आणि जेवायची वेळ. शाळेतून आल्या आल्या आता आम्ही आधी जेवतो. बसून. हे वाक्य लिहायला सोपं आहे. सगळ्यांच्या आधी सून ताट घेऊन बसते हे अम्मींना पहिले पंधरा दिवस बघवत नव्हतं. त्या बोलल्या काही नाहीत, फक्त माजघरात जाऊन बसायच्या. सोळाव्या दिवशी आम्ही घरात पाऊल टाकलं तर दस्तरखान पसरलेला, भाकरी झाकून ठेवलेली, दुधीची भाजी गरम. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही.” त्यांच्या गुडघ्याची गोळी आता डॉक्टरांच्या चिठ्ठीने येते, पोट सांभाळणारी गोळी सोबत घेऊन. आमचं डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मोजून.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती राहून गेली तर झोप लागायची नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक रात्रभर ‘गॅस’ म्हणून सोडा आणि ओवा घेत बसले. सकाळी कळलं, तो हृदयाचा झटका होता. पोटाच्या वरच्या भागात दाब, त्याबरोबर घाम, धाप, जबड्याला किंवा डाव्या हाताला कळ, असं असेल तर ओवा शोधू नका, रिक्षा शोधा. मधुमेह असलेल्यांनी आणि बायकांनी तर जास्तच जपावं, त्यांच्यात झटका पुष्कळदा पोटाचं सोंग घेऊन येतो. तसंच काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणं, घास अडकणं यांना घरचे उपाय नाहीत.

रोज्यांचं काय, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. २०१८चे बारा राहिले आणि २०१९चा पूर्ण महिना डॉक्टरांनी नको म्हटलं, कारण तोही मे महिन्यातच होता. पहिल्या सेहरीला घरातले सगळे उठले आणि आम्ही पांघरुणात पडून भांड्यांचा आवाज ऐकत राहिलो. मग ते एकेचाळीस कजा रोजे दोन हिवाळ्यांत फेडले. डिसेंबरातला रोजा मेमधल्या रोज्यापेक्षा दोन तासांनी लहान. पण कजाला मोहल्ल्याची रौनक नसते. मशिदीवरून सेहरीची हाक नसते. वर्गात पोरं डबे उघडतात आणि एखादी म्हणते, “टीचर, घ्या ना!” इफ्तारला एकटं खजूर घेऊन बसायचं. तिसऱ्या दिवशी अम्मी येऊन शेजारी बसल्या. त्यांचे कोणते रोजे राहिले होते कोण जाणे, आम्ही विचारलं नाही.

२०२० पासून, डॉक्टरांचा मशवरा घेऊन, रमजानचे रोजे पुन्हा चालू आहेत. सेहरीच्या अर्धा तास आधी गोळी, म्हणून गजर सगळ्यांच्या आधीचा. सेहरीला भाकरी-ताक किंवा ओट्स, परोठे नाहीत. सेहरीनंतर आडवं व्हायचं नाही, फजर पढून वही. इफ्तारला खजूर, पाणी, मगरिब, आणि मग जेवण. भजी शेवटी, दोन. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात, त्याने रात्री आम्ल वर चढत नाही. हे झोपेत खाली घसरतात अशी तक्रार करतात. ज्यांची जखम ताजी आहे, ज्यांना नुकतंच रक्त गेलं आहे, त्यांनी आमचं बघून रोजा धरू नये. आपल्या डॉक्टरांना आणि आपल्या आलिमांना, दोघांनाही विचारावं.

मागच्या महिन्यात एक नवी टीचर मधल्या सुट्टीत पर्समधून गोळी काढून कोरड्या घशाने गिळत होती. बी.एड. नुकतंच झालेलं, सकाळी सहाची एसटी पकडून येते. आम्ही टेबलाच्या खणातला बिस्किटांचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि गोळीचं पाकीट मागितलं. डायक्लोफिनॅकच. नाश्ता काय केलास विचारलं तर म्हणाली, “चहा.”

वही अजून चालू आहे. कालची नोंद: रात्री साडेअकरा, जळजळ. कारण, भाचीच्या शादीत दोन वाट्या दालचा. पुढच्या जुम्याला नणंदेकडे अकीका आहे. तिने आत्ताच फोन करून विचारलं, “भाभी, तुझ्यासाठी दुधी करू ना?”